विश्रांतीचा हक्क (शुश्रूषा-कामगारांचा)

दीर्घ पाळीत काम करणाऱ्या परिचारिका, आया, वॉर्डबॉय आणि घरी येऊन आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या मदतनिसांना पाळीच्या मध्येच रुग्णाच्या जबाबदारीतून पूर्ण मोकळीक मिळण्याचा हक्क. बेंगळुरूतील राजाजीनगरात या हक्कातली विसंगती ठळक दिसते. येथे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही विमा योजना मुळात ज्या कारखाना-कामगारांसाठी आखली गेली, त्यांना १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ५५ने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. कर्नाटकाच्या १९६१च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याने दुकानातल्या नोकराला पाच तासांनंतर एक तास दिला. पण त्याच कायद्याच्या कलम ३ने दुर्बल व मनोरुग्णांच्या उपचाराची आणि देखभालीची ठिकाणे वगळली. साड्या दाखवणाऱ्याच्या जेवणाची वेळ कायद्याला सुचली, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणाऱ्या आयाची सुचली नाही.

घरच्या ड्यूटीत ही पोकळी आणखी मोठी होते. १९७८मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योगा’ची व्याख्या रुंदावली आणि रुग्णालये तिच्यात आली, घर बाहेरच राहिले. २००४मध्ये कर्नाटकाने घरकामाला किमान वेतन लावले, ही मोलाची पायरी होती. पण वेतनाचा दर ठरला म्हणून दुपारचा घास निवांत मिळतो असे नाही. २०२०ची व्यावसायिक सुरक्षा संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आणि आजीजवळ तर एकटीच बाई असते. तिला पाठवणारा ब्यूरो स्वतःला नुसता मध्यस्थ म्हणवतो, कुटुंब स्वतःला ग्राहक समजते, आणि बारा किंवा चोवीस तासांच्या ड्यूटीत मालक नेमका कोण, हे ठरतच नाही.

तरीही केवळ मिनिटे लिहून दिल्याने हा हक्क प्रत्यक्षात येत नाही. त्याचा आधार बदली माणूस आहे. ॲन रॉजर्स व सहकाऱ्यांनी २००४मध्ये अमेरिकेतील रुग्णालयीन परिचारिकांच्या नोंदी तपासल्या. निम्म्याहून कमी पाळ्यांत त्यांना रुग्णांच्या जबाबदारीतून पूर्ण मोकळी अशी विश्रांती मिळाली होती. सुमारे दहा टक्के पाळ्यांत बसायलाही सवड नव्हती. उरलेल्या पाळ्यांत वेळ होता, पण रुग्ण सोपवायला कोणी नव्हते. याच नोंदींवरून साडेबारा तास वा त्याहून लांब पाळीत चुकीचा संभव सुमारे तिपटीने वाढतो असे दिसले, पण मधल्या विश्रांतीने चुका कमी झाल्याचे मात्र दिसले नाही. विरोधकांना हे हत्यार वाटेल. मात्र त्यातून एवढेच ठरते की विश्रांती हा लांब पाळीवरचा उतारा नव्हे. तिचे समर्थन रुग्णाच्या सुरक्षिततेवर सर्वस्वी टांगणेच गैर. जेवणे आणि लघवीला जाणे यांसाठी कारखान्यातल्या फिटरकडे कोणी संशोधनाचा पुरावा मागितला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : घरच्या ड्यूटीत बराच वेळ रिकामाच जातो, रात्री झोपही मिळते, मग वेगळी सुटी कशाला? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये मेनकॅप खटल्यात झोपेच्या पाळीतले निद्रेचे तास किमान वेतनासाठी धरले नाहीत, हे खरे. पण तो प्रश्न पैशाचा होता. त्याच वर्षी युरोपीय न्यायालयापुढे प्राग येथील एका अग्निशामकाचे प्रकरण आले. त्याला मधल्या सुटीतही दोन मिनिटांत निघण्याच्या तयारीत राहावे लागे. अशी सुटी कामाच्या वेळेतच मोजावी, असा निर्णय झाला. आजोबा हाक मारतील म्हणून कान टवकारून डबा उघडणाऱ्या मदतनिसाची स्थिती याहून वेगळी नाही.

खर्चाचा आक्षेप टाळता येत नाही. राजाजीनगरातल्या मध्यमवर्गीय घराला दुसरी बाई परवडत नसेल, तर तो तासभर घरातल्याच कोणी रुग्णाजवळ बसावे लागेल, आणि घरात तसे कोणी नसेल तर बदली पाठवण्याचे बंधन ब्यूरोच्या करारात घालावे लागेल. त्यासाठी आधी करार कागदावर हवा. रुग्णालयांना ही सबब तितकीशी शोभत नाही, कारण पाळ्यांचे तक्ते त्यांच्याच हातात असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७७च्या परिचारिकाविषयक शिफारशीत (क्रमांक १५७) अल्प विश्रांती नेहमीच्या कामाच्या तासांतच धरली असून दोन पाळ्यांमध्ये सलग बारा तासांचे अंतर सुचवले आहे. तिच्यासोबतचा करार क्रमांक १४९ भारताने स्वीकारलेला नाही.