जवारी (तंतुवाद्य)

जवारी म्हणजे तंबोरा, सतार आदी तंतुवाद्यांच्या घोडीच्या माथ्याला कानशीने घासून दिलेला किंचित गोलसर उतार. कंप पावणारी तार या उतारास अलगद स्पर्शत राहते, त्यामुळे उपस्वर खुलतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या नादाची शास्त्रीय चिकित्सा केली. गिटारचे पडदे एका पातळीत आणण्यास निर्दोष सरळ पट्टी पुरते. येथे मात्र अखेरचा निवाडा कानाचाच. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून ही विद्या जोपासली. तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. वाजवून वाजवून घोडीवर चर पडले की जवारी पुन्हा काढावी लागते. घासलेला थर परत येत नाही, म्हणून कसबी कारागीर दर दोन-चार हातांनंतर तार छेडून ऐकतो.