थांबण्याचा हिशोब

बाबांच्या कपाटात एक निळी फाइल आहे. घरपट्टीच्या आणि विम्याच्या पावत्यांखाली तिच्यात तीन कोटेशनं जपून ठेवलेली आहेत. तिन्ही साताऱ्यातल्या एकाच कॉम्प्युटरवाल्याची.

पहिलं १९९९चं: सेलेरॉन ४०० मेगाहर्ट्झ, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबी हार्ड डिस्क, ४२ हजार रुपये. दुसरं २००१चं: पेंटियम थ्री ८०० मेगाहर्ट्झ, १२८ एमबी, २० जीबी, ३६ हजार. तिसरं २००३चं: पेंटियम फोर २.४ गिगाहर्ट्झ, २५६ एमबी, ४० जीबी, ३१ हजार.

आमच्या घरी आला तो तिसरा. चार वर्षांत घड्याळाचा वेग सहापट झाला, रॅम आठपट, डिस्क नऊपट, आणि खिशातले ११ हजार वाचले. ताई रोज विचारायची, "बाबा, कधी आणायचा?" बाबांचं उत्तर ठरलेलं: "थांब जरा. भाव उतरतायत."

बाबा बरोबर होते. तेच वाक्य मी वारशात घेतलं आणि तंतोतंत पाळलं. माझं चुकलं. का चुकलं, हे शोधताना लक्षात आलं की "थांब, स्वस्त होईल" हा काही त्रिकालाबाधित सल्ला नाही. त्याला जन्मतारीख आहे, तारुण्य आहे आणि बहुधा शेवटही आहे.

सल्ल्याचा जन्म

एरवी जगात थांबलं की वस्तू महाग होते. सोनं घ्या, जमीन घ्या, तूरडाळ घ्या. फक्त कॉम्प्युटरच्या बाबतीत उलटं घडायचं, आणि त्यामागे दोन माणसांची निरीक्षणं आहेत.

पहिले गॉर्डन मूर. एप्रिल १९६५मध्ये, फेअरचाइल्ड सेमिकंडक्टरमध्ये काम करत असताना, त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. एका चिपवर परवडेल अशा खर्चात किती घटक बसवता येतात, तो आकडा दरवर्षी दुप्पट होतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७५मध्ये त्यांनी वेग जरा कमी केला: दर दोन वर्षांनी दुप्पट. आपण ऐकतो तो '१८ महिने' हा आकडा इंटेलच्याच डेव्हिड हाउस यांच्या नावावर आहे. मूर यांच्या मूळ म्हणण्यात 'परवडेल अशा खर्चात' हे शब्द कळीचे होते. नियम ट्रान्झिस्टरच्या संख्येचा होता, तितकाच पैशांचाही होता.

दुसरे आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड. १९७४मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तो जास्त वेगानं चालतो आणि तेवढ्याच जागेत निघणारी उष्णता मात्र वाढत नाही. म्हणजे लहान, वेगवान आणि थंड, तिन्ही एकदम.

या दोघांच्या जोरावर गाडी सुटली. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. १९९३चा पेंटियम ६६ मेगाहर्ट्झपर्यंत गेला. मार्च २०००मध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनी दोन दिवसांच्या अंतरानं १ गिगाहर्ट्झ गाठला. सात वर्षांत १५ पट. अशा काळात आज घेणारा माणूस उद्या मूर्ख ठरणार, हे जवळपास नक्की होतं. साताऱ्याच्या दुकानात कोटेशन घेऊन रिकाम्या हातानं परतणारे बाबा नकळत मूर आणि डेनार्ड यांच्यावर पैज लावत होते.

थांबलेलं गिऱ्हाईक

गिऱ्हाईक थांबलं की दुकानदाराचं काय होतं, याचीही एक गोष्ट आहे. तिच्या नायकाचं बालपण तमिळनाडूत गेलं. अ‍ॅडम ऑस्बर्न. जन्म १९३९, बँकॉकचा. वाढला तिरुवण्णामलैच्या परिसरात.

१९८१मध्ये ऑस्बर्न यांनी अमेरिकेत 'ऑस्बर्न १' बाजारात आणला. किंमत १,७९५ डॉलर, वजन साधारण ११ किलो, पडदा ५ इंचांचा. हँडल धरून उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर धडाक्यात खपला. मग १९८३मध्ये त्यांनी पुढच्या मॉडेलची जाहिरात सुरू केली. विक्रेत्यांनी विचार केला, नवा येतोय तर जुना कशाला भरून ठेवा? मागणी आटली, गोदामं भरली आणि सप्टेंबर १९८३मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला आजही 'ऑस्बर्न परिणाम' म्हणतात.

गोष्ट जितकी गोळीबंद सांगितली जाते तितकी ती नाही. त्याच किमतीत ९ इंचांचा पडदा देणारा केप्रो तोवर बाजारात आला होता आणि कंपनीचा आतला कारभारही ढासळला होता. पण दंतकथा टिकली, कारण तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा दिसतो. ऑस्बर्न नंतर भारतात परतले आणि २००३मध्ये कोडाईकनालला वारले. बाबांनी पेंटियम फोर घेतला, त्याच वर्षी.

टंगळमंगळ करण्याचं गणित

थांबण्याला कोणी गणिती पाया दिला असेल, तर तो अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी. डिसेंबर १९९९मध्ये त्यांनी अर्धवट थट्टेत, पण पूर्ण गणितासह, एक निबंध लिहिला. विषय: मोठी आकडेमोड करायची असेल तर मशीन आजच घ्यावं, की आधी काही काळ टंगळमंगळ करून मग घ्यावं?

वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असं धरा. आजच्या मशीनवर ६० महिने लागतील असं काम आहे. आज सुरू केलंत तर ६० महिन्यांनी संपेल. १८ महिने काहीच केलं नाहीत आणि मग दुप्पट वेगाचं मशीन घेतलंत, तर ३० महिने लागतील. एकूण ४८. म्हणजे दीड वर्ष लोळूनही तुम्ही एक वर्ष आधी पोहोचलात! पण तेच काम २० महिन्यांचं असेल तर? १८ महिने थांबून १० महिने काम, एकूण २८. इथे थांबणं अंगाशी आलं.

सीमारेषा येते २६ महिन्यांवर. त्याहून मोठं काम असेल तर थांबा, लहान असेल तर लगेच घ्या. कॉलेजात असताना हा निबंध वाचला तेव्हा मी खूश झालो होतो. बाबांची निळी फाइल आता समीकरणात बसली होती.

त्या समीकरणात दोन गृहीतकं लपलेली होती. एक, वेग दुप्पट होत राहील आणि किंमत वाढणार नाही. दोन, आपण थांबलो तर कामही आपल्यासाठी थांबेल.

पहिलं गृहीतक

प्रोसेसरच्या बाबतीत पहिलं गृहीतक बाबांच्या खरेदीनंतर वर्षभरातच मोडलं. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली. व्होल्टेज आणखी उतरवता येईना, उष्णता आवरेना. ऑक्टोबर २००४मध्ये इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला. त्यानंतर एका चिपवर जास्त कोअर बसवायचा मार्ग निघाला, पण तिथेही गाडी अडली. जानेवारी २००७मध्ये इंटेलचा क्यू६६०० हा ४ कोअरचा प्रोसेसर आला, आणि जानेवारी २०१७मध्ये घरगुती पीसीसाठीचा त्यांचा सर्वांत वरचा प्रोसेसर, ७७००के, तोही ४ कोअरचाच होता. दोन महिन्यांनी एएमडीनं ८ कोअरचे रायझन आणले तेव्हा कुठे कोंडी फुटली.

ग्राफिक्स कार्डं मात्र धावत होती. १९९९मध्ये एनव्हिडियानं जीफोर्स २५६ला 'जीपीयू' म्हणून विकायला सुरुवात केली, त्या काळात ही कंपनी दर सहा महिन्यांनी काहीतरी नवं आणायची. चित्रातला प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे मोजता येतो, त्यामुळे हजारो छोट्या कोअरना काम वाटून देता येतं. प्रोसेसर थकला तरी इथे 'थांब, स्वस्त होईल' बरीच वर्षं चालून गेलं. आणि नेमका याच टप्प्यावर मी बाजारात उतरलो.

जुलै २०१६. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जीटीएक्स १०६० आलं होतं, किंमत २४९ डॉलर. माझा हॉस्टेलमधला रूममेट सिंधुदुर्गातला. आम्हाला दशावतारी नाटकाच्या रात्रीवर एक गेम करायचा होता. तो चित्रं काढायचा, मी कोड लिहायचो. देवळासमोरचा मांड, गॅसबत्त्या, धूर असं सगळं उभं केलं, पण माझ्या लॅपटॉपवर ते सेकंदाला ९ फ्रेमनं रखडायचं. बाबा अर्धे पैसे द्यायला तयार होते. मीच म्हणालो, "थांबू. वर्षभरात उतरेल."

२०१७च्या उन्हाळ्यापासून क्रिप्टोच्या खाणकामगारांनी कार्डं उचलायला सुरुवात केली, आणि भाव उतरायचे सोडून चढले. ती लाट ओसरल्यावर नवी पिढी आली: जानेवारी २०१९चं आरटीएक्स २०६०, ३४९ डॉलर. नाव तेच '६०', भाव १०० डॉलरनं वर. त्यात आपण डॉलरमध्ये कमवत नाही. म्हटलं, थांबू.

१ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ३००० मालिका जाहीर करताना २०१६ची कार्डं वापरणाऱ्यांना उद्देशून सांगितलं की आता बदलायला हरकत नाही. आम्ही थांबलेलेही सरसावलो. १७ सप्टेंबरला ६९९ डॉलरचं ३०८० विक्रीला आलं आणि काही मिनिटांत संपलं. कोरोनामुळे घरी अडकलेलं जग, चिपचा तुटवडा आणि इथेरियमची नवी लाट. पुढची जवळपास दोन वर्षं छापील किमतीला अर्थ उरला नाही.

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं खाणकाम एका दिवसात संपलं. वाटलं, आता तरी. त्याच महिन्यात ४००० मालिका जाहीर झाली: ३०८०च्या जागी येणारं ४०८० कार्ड १,१९९ डॉलरला. ह्वांग पत्रकारांना म्हणाले की मूरचा नियम मेला आहे, आणि चिप कालांतरानं स्वस्त होत जाते ही गोष्ट आता इतिहासजमा झाली. आठवड्याच्या आत इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी नियम जिवंत असल्याचं सांगितलं. दोघांनाही आपापला माल विकायचा होता, पण किंमतपट्टी ह्वांग यांच्या बाजूनं बोलत होती. ३०६० टीआय डिसेंबर २०२०मध्ये ३९९ डॉलरला आलं, ४०६० टीआय मे २०२३मध्ये ३९९ डॉलरलाच. अडीच वर्षांनी तेवढ्याच पैशांत वेग जेमतेम वाढलेला.

कारणं आहेत. ट्रान्झिस्टर अजूनही लहान होतायत, पण पूर्वीसारखे स्वस्त होत नाहीत. त्यांची नक्षी कोरणारं एक ईयूव्ही यंत्र १५ कोटी डॉलरच्या पुढे जातं. शिवाय रांगेत आता एआयवाले उभे आहेत. एनव्हिडियाचा बहुतांश महसूल डेटा सेंटरमधून येतो, गेम खेळणारी मुलं मागच्या बाकावर. २०२५च्या अखेरीस त्याच मागणीनं रॅमचे भाव भडकवले, आणि मायक्रॉननं सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' ब्रँड बंद करायचं जाहीर केलं.

आता अ‍ॅरिझोनाच्या सूत्रात नवे आकडे टाका. तेवढ्याच पैशांत वेग दुप्पट व्हायला १८ महिन्यांऐवजी ५ वर्षं लागतात असं धरलं, तर सीमारेषा २६ महिन्यांवरून ८७ महिन्यांवर जाते. सात वर्षांपेक्षा छोट्या कुठल्याही कामासाठी थांबण्यात अर्थ नाही.

दुसरं गृहीतक

२०२२च्या डिसेंबरात पुण्याच्या तपकीर गल्लीतून मी एक वापरलेलं ३०६० टीआय घेतलं. पीसी जोडला. जुना फोल्डर उघडला. मांड उजळला, गॅसबत्त्यांचा उजेड धुरातून पसरला, सेकंदाला ६०च्या वर फ्रेम. मी व्हिडिओ काढून रूममेटला पाठवला. तो २०२१मध्येच जर्मनीला गेला होता. दोन दिवसांनी उत्तर आलं: "भारी रे." त्यापुढे काही नाही. त्याची चूक नव्हती. साडेसहा वर्षांत माणूस दुसऱ्या कामाला लागतो.

मागच्या गणपतीत हे सगळं मी ताईला सांगत होतो. बाबा मात्र शहाणे, असंही म्हणालो. ताई हसली. म्हणाली, "पेंटियम आला तेव्हा माझी बारावी होती. परीक्षा होईपर्यंत त्याच्यावर कापड घातलेलं होतं. आठवीत मिळाला असता तर मी काय केलं असतं, कोणास ठाऊक." ताई आज बँकेत आहे, मजेत आहे. पण त्या निळ्या फाइलमध्ये वाचलेले ११ हजार दिसतात, ताईची चार वर्षं दिसत नाहीत. म्हणजे दुसरं गृहीतक सल्ल्याच्या ऐन तारुण्यातही खोटंच होतं. फक्त तेव्हा बचत एवढी मोठी असायची की ते झाकलं जायचं.

परवा मावसभावाचा फोन आला. "दादा, कार्ड आत्ता घेऊ की पुढची मालिका येईपर्यंत थांबू?" पूर्वी मी त्याला अफवा, तारखा, बेंचमार्क सगळं सांगत बसलो असतो. या वेळी विचारलं, तुझं काय अडलंय? त्याचा अ‍ॅनिमेशनचा कोर्स जूनमध्ये सुरू होतोय. मग मे महिन्यात घे म्हटलं, वापरलेलं चालेल, १२ जीबी मेमरी असू दे, आणि बिल जपून ठेव.

"आणि नंतर स्वस्त झालं तर?"

"झालं तर होऊ दे," मी म्हणालो. "तोवर तुझे दोन प्रोजेक्ट झालेले असतील."