बांधावरची बाभूळ आणि युरियाची रांग

परवा बातमीसाठी खताच्या रांगेचा फोटो काढत होतो. युरिया आलाय म्हटल्यावर सकाळी सातपासून माणसं उभी. त्यात 'लिंकिंग'ची कटकट आहेच, म्हणजे युरिया हवा तर नको असलेलं दुसरं खतही घ्या. रांगेत ओळखीचे एक आप्पा दिसले, पंचाहत्तरीच्या पुढचे. म्हणाले, "फोटू काढून काय हुतंय? माझ्या बापानं जन्मात युरियाचं पोतं बघितलं न्हवतं. तरी आमचा पानमळा हिरवागार हुता."

तेव्हा हसून सोडून दिलं. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. पोतं नव्हतं तर नत्र कुठून येत होतं?

आमच्या मिरज भागातले पानमळे ज्यांनी बघितलेत त्यांना ठाऊक असेल, नागवेल एकटी लावत नाहीत. आधी शेवरी लावायची. शेवरी हातभर वर आली, सावली द्यायला लागली की तिच्या आधारानं वेल चढवायची. सोबत पांगारा, हादगा, शेवगा. शेवरीचे शेंडे छाटायचे, पाला शेळ्यामेंढ्यांना, उरलेला मळ्यात. सगळ्यांचं म्हणणं एकच, शेवरी वेलीला आधार देते आणि सावली देते. बरोबरच आहे. पण तिसरं एक काम ती जमिनीखाली करत होती, आणि त्याचा उलगडा जगाला व्हायला १८८६ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी सप्टेंबरात बर्लिनमध्ये शास्त्रज्ञांची सभा होती. हर्मान हेलरीगेल नावाच्या जर्मन संशोधकानं तिथं आपला प्रयोग मांडला. त्यानं कुंड्यांत निर्जंतुक वाळू भरली. काहींत ओट लावले, काहींत वाटाणा. नत्र दिलं नाही तर दोन्ही उपाशी मरायला लागले. मग त्यानं शेतातली माती पाण्यात कालवून ते थोडंसं पाणी वर ओतलं. ओट तसेच राहिले. वाटाणा मात्र तरारला, आणि त्याच्या मुळांवर गाठी आल्या. म्हणजे मातीत काहीतरी जिवंत होतं आणि ते वाटाण्याच्या मुळाशी संगनमत करत होतं. दोनच वर्षांनी, १८८८ साली, हॉलंडच्या बायरिंकनं त्या गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला. पुढं त्याला नाव मिळालं रायझोबियम.

व्यवहार साधा आहे. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण कुठल्याही झाडाला ते थेट घेता येत नाही. जिवाणू ते धरून झाडाला पचेल असं करून देतो. बदल्यात झाड त्याला साखर देतं आणि मुळावर घर बांधून देतं. हे फक्त वाटाणा-हरभऱ्याचं नाही. शेवरी, पांगारा, हादगा, बाभूळ, करंज ही सगळी शेंगवर्गीय झाडं, आणि सगळ्यांच्या मुळांवर अशा गाठी येतात. शेवगा तेवढा नावाला शेंगेचा, त्या कुळातला नाही. खात्री करायची असेल तर शेवरीचं कोवळं रोप हळूच उपटा, एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल दिसली तर कारखाना चालू. पांढरट किंवा हिरवट असेल तर बंद.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. झाड उभं आहे म्हणजे शेजारच्या पिकाला नत्र आपोआप मिळतं असं नाही. झाड ते आधी स्वतःच वापरतं. पाला पडतो, कुजतो, तेव्हा ते मातीला मिळतं. छाटणी केली की वर फांद्या कमी होतात, तशी खाली काही बारीक मुळं आणि गाठीही मरतात, त्यांतूनही मिळतं. म्हणून छाटणी हीच खरी किल्ली. पानमळेवाल्यांनी शेवरीची छाटणी ही सावलीची वाटणी म्हणून केली, पण त्यात खताचा हप्ताही भरला जात होता.

आता आपल्याकडच्या इतिहासाकडे या. हेलरीगेलच्या तीन वर्षं आधी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. जमीन निकस का होतेय याचा विचार त्यात आहे. डोंगरावरचा पालापाचोळा कुजून जे सत्त्व तयार होतं ते पावसात वाहून ओढ्यात वाया जातं, ते शेतात मुरावं म्हणून ताली-बंधारे घाला, आणि रिकाम्या शिपायांना, पोलिसांना या कामाला लावा, असं त्यांनी सांगितलं. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारनं राखीव रानं केली, जंगलखात्यानं शेतकऱ्याची चराई तोडली, त्याबद्दल त्यांनी आसूडच ओढला. जिवाणूचं नाव तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण झाड, पाला आणि जमिनीचा कस यांचं नातं तुटलं की शेतकरी बुडतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

रानातला पाला बंद झाला, तरी बांध शिल्लक होता. बांधावर बाभूळ होती. नांगर, कुळव, बैलगाडीचं चाक तिच्या लाकडाचं. शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, आणि शेळ्यांची लेंडी परत शेतात. मग ट्रॅक्टर आला आणि लाकडी अवजारं गेली. बाभळीचं काम संपलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

तिकडे जर्मनीत हाबर आणि बॉश यांनी हवेतलं नत्र कारखान्यात धरायची युक्ती काढली होती, १९१३ साली ओप्पाऊला कारखाना सुरू झाला. जिवाणू जे गारेगार मातीत बसून करतो त्यासाठी कारखान्याला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. आपल्याकडे तुर्भ्याचा कारखाना १९६५ ला, अलिबागजवळचा थळचा १९८५ ला. युरियानं देशाचं पोट भरलं, हे नाकारायचं कारण नाही. पण अनुदानाचं पोतं स्वस्त झालं तसं जमिनीखालचं फुकटचं काम आपण विसरलो. त्यात आणखी गोम अशी, की मातीत तयार नत्र भरपूर असलं की झाड गाठी करतच नाही. आयतं मिळत असेल तर भाडेकरू कोण ठेवील?

मधे सुबाभूळ आली. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेनं सत्तरच्या दशकात हवाईहून आलेल्या जाती पसरवल्या. चारा, सरपण, नत्र, तिन्ही देणारं झाड. जगभर चमत्काराचं झाड म्हणून गाजलं. पुढं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिच्यावर सायलिड नावाची कीड आली, आणि बी पडून ती नको तिथं माजली म्हणून शिव्याही खाल्ल्या. त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. सुबाभळीचं प्रत्येक जिवाणूशी पटत नाही. जोडीदार मातीत नसेल तर ती नुसतं झाड म्हणून वाढते. तेव्हा झाडाबरोबर त्याचा जिवाणूही लावावा लागतो. ही काही नवी गोष्ट नाही, जिवाणूखताचं पहिलं पेटंट १८९६ चं आहे.

आता मुद्द्यावर येतो. दर पावसाळ्यात आपल्याकडे वृक्षारोपण होतं, मी त्याच्या बातम्या करतो. रोपं कुठली? गुलमोहर, काशीद, बहावा. तिघांनाही शेंगा येतात, त्यामुळे शेंगवर्गीय झाडं लावली म्हणून कागदावर समाधान. पण या तिघांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. चिंचेच्याही नाही, आपट्याच्याही नाही. ती लावू नयेत असं म्हणत नाही, सावली आणि फुलं हवीतच. पण शेताच्या बांधावर, पाणंदीच्या कडेला लावताना एक साधा प्रश्न विचारा, याच्या मुळाला गाठ येते का? गिरिपुष्प, शेवरी, पांगारा, करंज, बाभूळ, यादी लांब आहे. आणि रोपवाटिकेतल्या पिशवीत जुन्या झाडाखालची मूठभर माती टाकायला काही खर्च नाही.

हिशेबही मांडतो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात साधारण २० किलो नत्र. गिरिपुष्पाच्या एक टन हिरव्या पाल्यात ७-८ किलो. म्हणजे अडीच-तीन टन पाल्याला एक पोतं. उसाची भूक यावर भागणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्वारी-तुरीच्या रानाला एखादं पोतं कमी लागलं, तरी रांगेतला एक दिवस वाचतो. शिवाय पाल्याबरोबर सेंद्रिय कर्ब येतो, तो पोत्यात नसतो.

अडचण जिवाणूची नाहीच, अडचण बांधाची आहे. सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडते, मुळं त्याच्या रानात जातात, आणि आपल्याकडे वितभर बांधावरून भाऊ भावाचं तोंड बघत नाही. आमच्याही बांधावर पाच बाभळी होत्या. वाटणीच्या वर्षी त्या कुणाच्या यावरून वडील आणि चुलत्यांत बोलणं बंद झालं. शेवटी पाचही तोडून पैसे निम्मे-निम्मे केले. भांडण मिटलं. मी तेव्हा दहावीला होतो. त्या बांधाच्या दोन्ही बाजूंनी आज दोन्ही घरं युरिया टाकतात. परवाच्या रांगेत माझा चुलतभाऊ आप्पांच्या मागं चौथा होता.

या पावसाळ्यात मी त्याच्याशी बोलणार आहे. बांधावर शेवरी आणि गिरिपुष्प लावायचं, छाटणी दोघांनी मिळून, पाला निम्मा-निम्मा. बघू काय म्हणतो ते.

तुमच्या बांधावर आज काय उभं आहे? आणि जे गेलं, ते कुठल्या साली आणि कशापायी गेलं? जुन्या माणसांना विचारून लिहा. आपल्या भागाचा हा इतिहास कुठल्याच दप्तरात सापडत नाही.