नाताळावर बंदी घालणारे ख्रिस्ती

नाताळ जवळ आला की बाजार सजतात, आणि या झगमगाटात प्रभूची आठवण कोणाला राहते, असा प्रश्न पाद्रीमंडळी विचारतात. गणपतीत आपल्याकडची जुनी माणसे हेच विचारतात. प्रश्न खराच आहे. पण त्याचे उत्तर कायद्याने देऊ पाहणाऱ्या एका राष्ट्राची हकीकत मी इतिहासाच्या तासाला आवर्जून सांगतो.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडात नाताळ बारा दिवस चाले. मद्यपान, जुगार, सोंगे यांना ऊत येई. प्युरिटन पंथाच्या लोकांना याचा मनस्वी तिटकारा होता. ही माणसे अश्रद्ध नव्हेत. बायबल कोळून प्यालेली. ख्रिस्तजन्माची तारीख बायबलात कोठेही नाही, हा त्यांचा मुद्दा तर बिनतोड होता. राजाशी यादवी युद्ध जुंपले आणि पार्लमेंटमध्ये त्यांचे वजन वाढले. दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी उपवास व प्रार्थना करावी, असा नियम तेव्हा होता. १६४४ साली २५ डिसेंबर नेमका बुधवारी आला. पार्लमेंटने हुकूम काढला, की उपवासच पाळा आणि या दिवशी पूर्वजांनी केलेल्या चैनीचेही स्मरण ठेवा. जून १६४७ मध्ये नाताळ आणि ईस्टर हे सण कायद्यानेच रद्द झाले. त्यांच्या बदल्यात नोकर, उमेदवार व विद्यार्थी यांना दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटी! (माझ्या वर्गाला हा सौदा फार पसंत पडतो.)

त्याच डिसेंबरात कँटरबरी शहरात भडका उडाला. मेयरने नाताळच्या दिवशी दुकाने उघडी ठेवण्यास फर्मावले. ज्यांनी उघडली त्यांचा माल लोकांनी रस्त्यावर फेकला, भर रस्त्यात फुटबॉल खेळला, खुद्द मेयरलाही लोळवले. या जमावातील कितीजणांना प्रार्थनेची काळजी होती, याविषयी मला शंका आहे. गंमत अशी, की चर्चला कुलूप लावता येते, पण घराघरातील चूल कोण विझवणार? खाणेपिणे चालूच राहिले. बंद पडली ती उपासना.

आणि जी उरली ती कशी होती? जॉन एव्हलिन या गृहस्थाची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १६५७ च्या नाताळला तो पत्नीसह लंडनच्या एक्झिटर चॅपेलमध्ये गेला होता. प्रवचन संपून प्रभुभोजनाचा विधी सुरू होता, इतक्यात सैनिकांनी चॅपेलला वेढा घातला. बंदुका रोखलेल्या असताना लोक एकेक करून वेदीपुढे गेले. विधी पुरा होऊ दिला, मग सर्वांना अटकेत ठेवले. अधिकाऱ्यांनी एव्हलिनची उलटतपासणी केली व अखेर सोडून दिले. मनोभावे केलेली उपासना कायदेकर्त्यांना हवी होती ना? ती त्या दिवशी त्यांच्याच बंदुकांसमोर उभी होती.

१६६० मध्ये राजा परतला, कायदा गेला. चर्च उघडली आणि धांगडधिंगाही सोबत परतला. पण अमेरिकेत गेलेल्या प्युरिटनांनी हेका सोडला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरला. १६८१ मध्ये तो उठला, तरी तेथे नाताळची सरकारी सुटी मिळायला १८५६ साल उजाडले.

वाचकहो, या परंपरेचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत पोहोचतो. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनची मूळ संस्था याच मॅसॅच्युसेट्सची, प्युरिटनांच्याच वारसदारांची. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मिशनबरोबर अहमदनगरला काम करू लागले. परक्या चालींवरची भाषांतरित गीते आपल्या माणसाच्या काळजाला भिडत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी अभंग लिहिले, पदे रचली, भजन-कीर्तन उपासनेत आणले. मिशनच्या पूर्वजांनी १६४४ मध्ये इंग्लंडच्या चर्चमधील ऑर्गनसुद्धा काढून टाकण्याचा आदेश दिला होता. टिळकांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.