स्मेथिकचा शिपाई आणि लोकवर्गणीचा इतिहास

आज जाऊया इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला अगदी चिकटून असलेल्या स्मेथिक या गावात. तिथल्या हाय स्ट्रीटवर 10 फुटी कांस्य पुतळा आहे. डोक्यावर पगडी, अंगात लांब कोट, हातात बंदूक. पहिल्या महायुद्धातला शीख शिपाई. अनावरण झालं 4 नोव्हेंबर 2018 रोजी, म्हणजे युद्ध थांबल्याला शंभर वर्षं व्हायच्या आठवडाभर आधी.

पुतळ्याचा खर्च केला तिथल्या गुरु नानक गुरुद्वाऱ्याने, म्हणजे शेवटी संगतीनेच. भोवतालच्या जागेच्या कामात स्थानिक कौन्सिलने हात लावला. पैसा शिखांचा, पण स्मारक भारतीय उपखंडातल्या सगळ्या धर्मांच्या सैनिकांचं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

या गावाला हे का करावंसं वाटलं? इथल्या ओतकाम कारखान्यांत राबायला पंजाबी माणसं आली. 1964 च्या निवडणुकीत इथे उघड वर्णद्वेषी प्रचार झाला आणि तो उमेदवार निवडूनही आला. 1965 मध्ये खुद्द माल्कम एक्स इथली परिस्थिती बघून गेले. ‘तुम्ही इथले नाही’ हे ज्यांनी ऐकून घेतलं, त्यांच्यासाठी हा पुतळा एक उत्तर आहे. पहिल्या महायुद्धात 13 लाखांहून जास्त भारतीय गेले, सुमारे 74 हजार परतले नाहीत.

पण गंमत बघा, काही दिवसांतच कोणीतरी स्प्रेने लिहिलं, ‘आता शिपाई नाही’. मुद्दा असा की हे लोक साम्राज्यासाठी लढले, त्यांचा गौरव कशाला? प्रश्न खोटा नाही. पण शिपाई पगारासाठी, घरच्या जमिनीसाठी, इभ्रतीसाठी गेला. त्याची आठवण ठेवणं म्हणजे साम्राज्याला सलाम नव्हे. स्मारकासाठी पैसा, जागा जमतात. सगळ्यात अवघड असतं ते आपल्याच माणसांना हे पटवणं.

आणि हे आपल्याही दारातलं आहे. मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात, 6 व्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. पण बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आली, साध्या शिपायांची फक्त संख्या. जणू डेटाबेसमध्ये नावाचा रकानाच नव्हता!

महाराष्ट्रात काही गावांत अजून दगडी पाट्या आहेत: या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके मेले. तिथेही आकडाच. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर वर्गणी काढायच्या आधी एक काम करा. जुन्या घरांत जा, पेन्शनचे कागद, पदकं, फोटो विचारा, नावं लिहून काढा. दगड नंतरही बसवता येईल. पण नावं माहीत असलेली म्हातारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत.