अर्धे घर, अर्धे भाट, पण पेन्शन?

गोव्यातल्या लग्नाचा हिशेब बाकीच्या देशापेक्षा वेगळा, हे आपण जरा अभिमानानेच सांगतो. त्याचे मूळ १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. ती इथे १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर काही अपवाद वगळता नवराबायकोची आजची आणि पुढे येणारी मालमत्ता सामाईक, असे तिचे ११०८वे कलम सांगते. पोर्तुगालात राजेशाही जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच ३ नोव्हेंबर १९१० रोजी घटस्फोटाचा कायदा आला. बडोद्यासारखे अपवाद सोडले तर बाकीच्या हिंदूंना त्यासाठी १९५५ पर्यंत थांबावे लागले. (चर्चमधल्या लग्नांची कथा निराळी, ती पुन्हा कधीतरी.)

मी सरकारी कारकून. पेन्शनच्या फायली हाताखालून जातात. एकदा एक बाई टेबलासमोर बसून म्हणाल्या, "अर्दें घर म्हजें, मागीर अर्दें पेन्शन म्हजें न्हय?" प्रश्न अगदी रास्त होता.

पण इथे दुसरा इतिहास आडवा येतो. ब्रिटिशांच्या १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतले ६०वे कलम सरकारी पेन्शनीवर जप्ती येऊ देत नाही. सावकाराने म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढू नये, हा त्यामागचा हेतू. ही संहिता गोव्यात १९६६ साली आली. म्हणजे लिस्बनचा कायदा म्हणतो सगळे अर्धे अर्धे, आणि ब्रिटिशांचा कायदा म्हणतो पेन्शनीला हात लावू नका. पेन्शनीचे दोन चेक काढायची सोय आमच्या नियमांत नाही. पोटगी ठरवताना कोर्ट पेन्शन उत्पन्नात धरते, ते वेगळे. पेन्शनीच्या पैशातून संसारात फ्लॅट घेतला असेल, तर तो मात्र वाटणीत येतो. ही वाटणी इन्व्हेंटरीत होते. तिचा २०१२चा नवा कायदा २०१६ पासून लागू आहे.

खरा घाव फॅमिली पेन्शनीचा. घटस्फोट झाला की बायको 'कुटुंबा'तून बाहेर. तीस वर्षे डबा भरून दिलेला असला तरी. मुलांचा हक्क राहतो. निवृत्तीनंतर केलेल्या दुसऱ्या लग्नाची बायकोसुद्धा पात्र ठरते! नुसती न्यायालयीन विभक्तता असेल तर पहिलीचा हक्क सहसा टिकतो. म्हणून उतारवयात घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी हा फरक वकिलाला विचारावा.

आता वकिलाची फी. कोर्टखर्च नवऱ्याकडून मागण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या २४व्या कलमात आहे, पण तो कायदा गोव्यात लागू नाही. तरी १९८७च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि "निकाल लागला की वाटणीतला इतका हिस्सा माझा" असे कुणी वकील म्हणाला तर उठून यावे. असा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

त्या बाईंना मी यातले सुचले तेवढे सांगितले. त्यांनी कागद पिशवीत घातले आणि विचारले, मोफत वकील मिळतो ते ऑफिस कुठल्या मजल्यावर?