रेडिओ गावात आला, पुढं काय? संज्ञापनातल्या सिद्धांताचं काम

मागच्या व्याख्यानानंतर मानोऱ्यातल्या श्रोत्यांनी विचारलं होतं, संज्ञापनात सिद्धांत लागतो कशाला? बोलणं तर सगळ्यांनाच येतं. आज आपण 1956 सालच्या पुण्याच्या प्रयोगाकडे जाऊ. तेव्हा आपला वऱ्हाड मध्य प्रदेशात होता, म्हणून तो आपल्याकडे झाला नाही.

युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं काढली. रेडिओवर वीस कार्यक्रम झाले. ऐकायचं, मग तिथंच बसून चर्चा करायची, जमलं तर कामाला लागायचं. मंडळाच्या शंका केंद्राकडे जायच्या आणि त्यांची उत्तरं पुन्हा रेडिओवर यायची.

आता बघा, त्या काळी सरकारी मनात एक सिद्धांत होताच, फक्त त्याला कुणी सिद्धांत म्हणत नव्हतं: माहिती पोचली की माणूस बदलतो. तो खरा मानला, तर प्रत्येक गावाला रेडिओ दिला की काम संपलं. आणि शेतकरी बदलला नाही, तर दोष कुणाचा? शेतकऱ्याचा! आम्हाला यातली खरी अडचण इथं दिसते.

उलट अमेरिकेत लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1940 च्या निवडणुकीचा अभ्यास करून 1944 मध्ये मांडलं होतं, की प्रसारमाध्यमातलं बरंचसं माणसामाणसांतल्या बोलण्यातून पुढं जातं. तसं असेल तर रेडिओइतकाच पारही महत्त्वाचा ठरतो. पुण्यात हे तपासता आलं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलेल्या पाहणीत पॉल न्यूरथ होते. त्यांनी मंडळाच्या गावांशेजारी दोन प्रकारची गावं तुलनेला घेतली: रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि रेडिओच नाही. आधी आणि नंतर प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली, नुसत्या रेडिओच्या गावांत फारच कमी. ते दुसऱ्या प्रकारचं गाव निवडायला सुचलं, कारण मनात सिद्धांत होता. नाहीतर मंडळाची गावं बघून सगळं श्रेय रेडिओलाच गेलं असतं.

1959 पासून ही मंडळं देशभर नेली.

पण हाच प्रयोग पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांवर झाला असता तर? रेडिओ मराठीत, घरातलं बोलणं गोरबोलीत. नायक आणि त्याची बैठक तिथं आधीपासूनची. नायकासमोर तरुण पोरगा शंका काढेल का, बाई बोलेल का, मंडळाचा कागद कोणत्या भाषेत लिहायचा, हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावे लागले असते. पुढच्या व्याख्यानात आपण तिथूनच सुरुवात करू.